पारड्यावरचा अंगठा

काकूंनी रक्तदाबाची गोळी बंद केल्याची बातमी तराजूसाहेबांना ना काकूंनी दिली, ना डॉक्टरांनी. ती दिली केराच्या टोपलीनं. निवृत्तीनंतर घरात साहेबांच्या वाट्याला स्वतंत्र असं एकच खातं आलं होतं, टोपली रिकामी करण्याचं. आणि ते खातं ते जुन्या सवयीनं, म्हणजे तपासणी करूनच, चालवत. त्या सकाळी बटाट्याच्या सालांखाली गोळ्यांचं अख्खं पाकीट निघालं. एकही गोळी फोडलेली नव्हती.

“अगं, हे इथं कसं?”

“टाकलं म्हणून,” काकू म्हणाल्या. सगळी इमारत त्यांना काकू म्हणे, आपणही तेच म्हणू.

“टाकलं? आणि रोज बशीत मी ठेवतो ती?”

“ती तोंडात धरते. तुमची पाठ वळली की टाकते.”

“का पण?”

“माझ्या हाताला चालत नाही ती.”

“गोळी पोटात जाते. हाताचा काय संबंध?”

“ते मास्तरांना विचारा,” असं म्हणून काकूंनी कुकरचं झाकण लावलं. म्हणजे विषय संपला.

साहेबांच्या पायाखालची फरशी सरकली. त्यांच्या धाकट्या बहिणीनं अशीच एक गोळी ‘आता बरं वाटतंय’ म्हणून सोडली होती. थोड्याच दिवसांत ती ओट्याशी कोसळली आणि उठली नाही. ही गोष्ट साहेब कुणाजवळ बोलत नसत. रोज सकाळी चहाच्या बशीत गोळी ठेवायची आणि ती घशाखाली उतरेपर्यंत काकूंसमोर उभं राहायचं, एवढंच ते करत. आता कळलं, की ती घशाखाली उतरतच नव्हती.

मास्तर म्हणजे वरच्या मजल्यावरचे कवायतमास्तर. शाळेतून निवृत्त झाले तरी त्यांची छाती निवृत्त झाली नव्हती. कुठल्याशा शिबिरात त्यांना एक विद्या गवसली होती. माणसानं उजवा हात खांद्याच्या रेषेत सरळ धरायचा, डाव्या मुठीत एखादी वस्तू घ्यायची. मास्तर मनगटावर दोन बोटं ठेवून खाली दाबणार. हात टिकला तर वस्तू मानवते, पडला तर मानवत नाही. फी नाही, दक्षिणा नाही. माणूस लबाड असता तर साहेबांनी त्याला चुटकीसरशी पकडला असता. पण मास्तर मनापासून सच्चे होते, आणि सच्च्या माणसाला पकडायचं कलम कुठल्याच खात्यात नसतं.

इमारतीत या विद्येनं धुमाकूळ घातला होता. कुणी उशी बदलली होती, कुणी साबण. दुसऱ्या मजल्यावरच्या मावशींनी तर जावयाचा फोटो मुठीत धरून पाहिला होता. हात असा धाडकन पडला म्हणे, की शेजारच्या टेबलावरची फुलदाणी फुटली. जावई तेव्हापासून फोनवरच भेटत होता.

साहेबांनी ठरवलं, की हा काटा तपासायचा.

‘तराजूसाहेब’ हे नाव त्यांना बाजारानं दिलेलं. वजनमापं खात्यात दुकानदारांचे काटे तपासण्यात त्यांची हयात गेली होती. ते बाजारात शिरले, की दुकानदारांचे अंगठे आपोआप पारड्यावरून उचलले जात, असं लोक म्हणत. म्हणजे साहेबच म्हणत. पण ते कुणी खोडून काढलं नव्हतं.

पहिली तपासणी घरातच झाली. काकूंना त्यांनी खोलीच्या मधोमध उभं केलं, सुट्टीवर आलेल्या मुलीला साक्षीदार म्हणून खुर्चीत बसवलं आणि स्वतः काकूंच्या मनगटावर बोटं ठेवली. मुठीत रिकामी डबी दिली, हात पडला. मुठीत गोळी दिली, हात टिकला. पुन्हा डबी, पुन्हा पडला. पुन्हा गोळी, पुन्हा टिकला.

“बघ!” साहेबांचा चेहरा उजळला. “उलट गोळीनं तुझी ताकद वाढते!”

मुलगी हळूच म्हणाली, “बाबा, एक सांगू? डबीला तुम्ही मनगटावर दाबलंत. गोळीला कोपरापाशी.”

“मी?”

“आणि डबीला दात-ओठ खाऊन. गोळीला नुसती फुंकर घातल्यासारखं.”

काकूंनी हात खाली घेतला. खांदा चोळला आणि नवऱ्याकडे असं पाहिलं, की साहेबांना स्वतःचाच अंगठा दिसला. उभी हयात दुसऱ्यांच्या पारड्यावर शोधलेला. मनगटापेक्षा कोपरापाशी दाबलं तर दांडीवर भार कमी पडतो, हे त्यांना झोपेत विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. ते ठाऊक असणाऱ्या माणसानंच ते केलं होतं, आणि केल्याचा त्याला पत्ताही नव्हता. दुकानदार ‘साहेब, आईशप्पथ, मला माहीत नव्हतं’ म्हणत, तेव्हा साहेब त्यांना दंड करत. त्यातले काही खरं बोलत असतील, हा विचार त्या दिवशी पहिल्यांदा मनात आला. त्यांनी तो ताबडतोब हाकलला.

तेव्हा तपासणी रीतसर करायची असं ठरलं. दाबणार मास्तरच, पण मनगटावर पेनानं रेघ मारायची आणि बोटं रेघेवरच. प्रत्येक वेळी मास्तरांनी मोठ्यानं “एक, दोन, तीन” म्हणायचं आणि तीनला दाबायचं. मध्ये हाताला विश्रांती, नाहीतर शेवटी पडणारा हात गोळीनं पडतोय की थकव्यानं, ते कळायचं नाही. बाटल्या दहा, सगळ्या सारख्या, आतलं न दिसणाऱ्या. पाचांत गोळी, पाचांत गोळीच्याच वजनाचा खडूचा तुकडा, आणि खुळखुळू नये म्हणून वर कापूस. कुठली बाटली कधी द्यायची, ते नाणं ठरवणार.

साहेबांनी दाबण्याऐवजी मनगटाला ताणकाटा अडकवून आकडा वाचण्याचंही सुचवलं होतं. त्यावर मास्तर लाल झाले. “साहेब, वहिनींचा हात आहे तो! रद्दीचा गठ्ठा नव्हे!”

“मग तुम्हीच दाबा. पण माझ्या घरी.”

“तुमच्या घरी? म्हणजे पंच तुमचे, मैदान तुमचं? इमारतीच्या हॉलमध्ये. चारचौघांत.”

इथवर सगळं नीट होतं. बाटल्यांना खात्याच्या पद्धतीनं लाखेचं सील हवं, असं साहेबांच्या डोक्यात आलं आणि तिथून घसरगुंडी सुरू झाली. लाख वितळवायला त्यांनी चहाचं पातेलं घेतलं. पातेलं गेलं. धूर जिन्यात गेला. मावशी ‘आग, आग’ ओरडत खाली आल्या आणि त्यांच्यामागून वाळूची बादली घेऊन इमारतीचे सेक्रेटरी आले. बादलीतली वाळू त्यांनी नियमाप्रमाणे आधी ओतली आणि चौकशी मग केली. दूध वाळूत, सील वाळूत. साहेब केसांतली वाळू झटकत म्हणाले, “बरं झालं आलात. हॉल हवा होता.”

सेक्रेटरींनी छापील अर्ज आणला. अर्जात कार्यक्रमाचे प्रकार तीनच होते : क्रीडा, सांस्कृतिक, शोकसभा.

“क्रीडा लिहा,” साहेब म्हणाले.

“क्रीडेला बूट लागतात. काकू चपला घालतात.”

“मग सांस्कृतिक.”

“सांस्कृतिकला ध्वनिक्षेपकाची परवानगी लागते.”

“मला ध्वनिक्षेपक नको आहे!”

“नको असला तरी परवानगी लागते. नाही वाजवणार याची.” सेक्रेटरींनी पेनाचं टोपण चावलं. “शोकसभेला कसलीच अट नाही बघा. कोण अडवणार?”

दुसऱ्या दिवशी फलकावर सुवाच्य अक्षरांत लागलं : ‘पहिल्या मजल्यावरच्या काकू यांची शोकसभा. सर्वांनी यावे.’

सर्व आले. हॉल खच्चून भरला. मावशी पदर डोळ्यांना लावूनच आत शिरल्या आणि दारातच काकूंवर आदळल्या. काकू सतरंजी झटकत होत्या.

“अगं बाई! तुम्ही आहात?”

“आहे अजून,” काकू म्हणाल्या. “बसा.”

लोक हसले. साहेबांना हसता आलं नाही. फलकावरचे ते शब्द त्यांनी येता येता एकदाच वाचले होते, आणि मग मान वळवून पुढं आले होते. ते पहिल्या रांगेत, काकूंच्या अगदी समोर बसले. कुठल्या बाटलीत काय आहे ते एकट्या त्यांना ठाऊक होतं. मांडीवर खोका होता आणि एकेक बाटली ते स्वतःच्या हातानं काकूंना देत होते.

“एक, दोन, तीन!” हात टिकला. खडू.

“एक, दोन, तीन!” हात पडला. गोळी.

साहेबांनी स्वतःला बजावलं, योगायोग. पुढची बाटली गोळीची होती. ती देताना त्यांनी मनातल्या मनात म्हटलं, टिक, बाई, टिक. हात पडला. खडूला टिकला. गोळीला पडला. मागच्या रांगेतले लोक उभे राहून बघू लागले. दहाव्या बाटलीनंतर हिशेब झाला : एक चूक सोडली तर काकूंच्या हातानं प्रत्येक गोळी ओळखली होती.

टाळ्यांचा कडकडाट झाला. मास्तरांनी छाती आणखी पुढं काढली. ती तशी निघू शकते, हीच इमारतीला नवी माहिती होती. सेक्रेटरी उभे राहून म्हणाले, की उद्यापासून साखरेच्या गोळ्या आपल्याही बंद. मावशी म्हणाल्या, थायरॉइडची माझीही बंद. जी विद्या आतापर्यंत उशा आणि साबण बदलत होती, तिला सरकारी खात्यातल्या माणसानं सील मारून दिलं होतं.

घरी आल्यावर साहेब खुर्चीत बसून राहिले. चहा निवला. वाईट वाटत होतं, ते हरल्याचं नव्हतं. त्यांना वाटलं, खरंच असलं तर? रोज बशीत ठेवून, समोर उभं राहून, आपणच हिला अपाय करत होतो काय? आणि नसलं, तर आता हिला कोण समजावणार? दोन्हीकडून विहीरच.

“बाबा,” मुलगी शेजारी येऊन बसली. “मघाशी आई कुठं बघत होती?”

“कुठं म्हणजे? समोर.”

“समोर कोण होतं?”

“मी होतो.”

“गोळीची बाटली आली, की तुमच्या भुवया एकत्र येत होत्या. श्वास थांबत होता. मला मागून मानेवरूनही कळत होतं, बाबा. आईनं तर इतकी वर्षं तुमच्याच चेहऱ्यावरून हवामान ओळखलंय. आणि मास्तर आईला बघत होते.”

साहेब ताडकन उठले. नाजूक काटा तपासताना पंखा आधी बंद करायचा, हे ते प्रत्येक नव्या निरीक्षकाला शिकवत असत. वाऱ्यानं पारडं हलतं आणि बघणाऱ्याला वाटतं, की मालानं हललं. दहा बाटल्या, लाख, रेघ, नाणं सगळं केलं आणि पंखा मांडीवर खोका घेऊन पहिल्या रांगेत बसवला!

“पुन्हा घ्यायची,” ते म्हणाले. “मी खोलीत नको.”

सेक्रेटरींनी हॉल साफ नाकारला. “एका व्यक्तीची शोकसभा एकदाच होते, साहेब. दुसऱ्यांदा लावली तर लेखापरीक्षणात प्रश्न येईल.”

शेवटी मास्तरच म्हणाले, “माझ्याकडे या. मला कसली भीती?” भीती नव्हतीच त्यांना. साहेबांना मात्र होती, कारण या वेळीही हात गोळीलाच पडला, तर पुढं बोलायला तोंड उरणार नव्हतं.

बाटल्या मुलीनं एकटीनं भरल्या, क्रमांक घातले, खोका बंद करून सेक्रेटरींच्या हाती दिला आणि ती बाहेर आली. सेक्रेटरींना आत काय ते ठाऊक नव्हतं, मास्तरांना नव्हतं, काकूंना नव्हतं. ज्या एकीला ठाऊक होतं ती आता जिन्याच्या पायरीवर बापाशेजारी बसली होती. मास्तरांचं दार बंद झालं.

“पहिल्या बाटलीत काय आहे?” साहेबांनी कुजबुजत विचारलं.

“नाही सांगणार.”

“मी तर बाहेर आहे.”

“तुम्ही दारातूनही बघाल.”

आतून आवाज आला : “एक, दोन, तीन!” मग काही नाही. हात पडला की टिकला, ते दारापलीकडं कळत नव्हतं. साहेबांनी कठडा धरला. पुन्हा “एक, दोन, तीन!” मधली विश्रांती त्यांनीच घालून दिलेली, आता ती संपता संपेना. मावशी भाजीची पिशवी घेऊन वर चालल्या होत्या; त्यांनी थांबून दोघांकडं पाहिलं, “काय हो, आत कुणाला झालंय काय?” असं विचारलं आणि उत्तर न मिळाल्यावर त्याही पायरीवर टेकल्या.

“आत्याचं आठवतंय ना तुम्हाला?” मुलगी हलक्या आवाजात म्हणाली.

साहेबांनी मान हलवली. हो की नाही, ते तिला कळलं नाही. तिनं त्यांच्या कठड्यावरच्या हातावर हात ठेवला.

दार उघडलं. सेक्रेटरी निकाल घेऊन बाहेर आले, मुलीनं क्रमांक जुळवले. पाच बरोबर, पाच चूक. मास्तर म्हणाले, पुन्हा. बाटल्या पुन्हा भरल्या, जिना पुन्हा भरला. या वेळी चार बरोबर, सहा चूक. सेक्रेटरींनी नाणं उडवून पाहिलं असतं तरी एवढंच जमलं असतं.

मास्तर खुर्चीत बसले. छाती प्रथमच आत गेली होती. “मी खोटं नाही वागलो हो, साहेब. बोटांना खरंच जाणवायचं.”

“ठाऊक आहे,” साहेब म्हणाले. “मीही नव्हतो वागलो. माझ्याही बोटांना जाणवलंच होतं.”

सेक्रेटरी खिशात साखरेच्या गोळ्या चाचपत लगबगीनं खाली गेले. मावशी जावयाला फोन करावा की थोडं थांबावं, या विचारात उभ्या राहिल्या. साहेबांच्या अंगात हुरूप चढला. त्यांनी खिशातून नवं पाकीट काढलं, एक गोळी फोडली आणि भर सभेत निकाल लावल्यासारखी काकूंसमोर धरली.

“हात खोटा ठरला. घे.”

काकूंनी गोळी घेतली नाही.

“ठरला खोटा. मान्य,” त्या म्हणाल्या. “आणि मला सकाळी उठल्यावर अंधारी येते, ती?”

“कसली अंधारी?”

“गोळी सुरू झाल्यापासून. टाकायला लागले तशी कमी झाली, गेली नाही. पलंगावरून उठलं, की डोळ्यांपुढं काळं होतं. भिंत धरून उभी राहते. ती खरी की खोटी? तिला कुठली बाटली लावणार?”

“मग सांगितलं का नाहीस?”

“कुणाला सांगू? तुम्ही बशी घेऊन समोर उभे. तोंडावर हे एवढं भय. त्यात आणखी माझी अंधारी ओतू?” काकूंचा आवाज चढला नाही, चढला असता तर बरं, असं साहेबांना वाटलं. “घेतलीस का, एवढं रोज विचारलंत. काय होतंय, ते नाही विचारलंत. ते मास्तरांनी विचारलं. म्हणून मी वर आले. हाताबिताचं मग.”

मास्तर जमिनीकडे बघत होते. साहेबांच्या तळहातावर गोळी तशीच होती, घामानं ओली झालेली. उत्तरं पुष्कळ सुचली. सुरुवातीला होतंच असं. डॉक्टरांना काय कळत नाही? माझ्या बहिणीनं. त्यातलं प्रत्येक घशापर्यंत आलं आणि त्यांनी ते परत पाठवलं. ते मास्तरांच्या पलंगाच्या कडेवर, काकूंच्या शेजारी बसले. समोर नव्हे.

“काय होतं?” त्यांनी विचारलं.

काकूंनी सांगितलं. पुष्कळ सांगितलं. मध्ये दोनदा साहेबांचं तोंड उघडलं. मुलीनं नुसतं पाहिलं आणि ते मिटलं.

संध्याकाळी डॉक्टरांनी काकूंचा रक्तदाब आधी आडवं झोपवून मोजला, मग उभं करून. पारा बघून ते हं म्हणाले. अशी एकाएकी बंद करायची नसते, म्हणून त्यांनी रागावून घेतलं, काकूंना आणि जरा साहेबांनाही. मग गोळी बदलली, मात्रा कमी केली, सकाळची रात्री केली आणि उठताना आधी बसायचं, मग उभं राहायचं, असं बजावलं. काकू म्हणाल्या, “ही घेईन.” जेवणानंतर त्यांनी ती स्वतःच्या हातानं घेतली. साहेब त्या वेळी गॅलरीत जाऊन समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाक्या न्याहाळत होते. त्यांत न्याहाळण्यासारखं काही नव्हतं.

सकाळी त्यांना आधी जाग आली. डोळे मिटून ते तसेच पडून राहिले. पलंग करकरला, काकू उठून बसल्या. बसूनच राहिल्या. मग पाय जमिनीवर टेकल्याचा आवाज झाला, आणि मग काहीच नाही. साहेबांनी श्वास रोखला. चादरीखाली त्यांच्या मुठी वळल्या.

“आली का?” शेवटी राहवेना म्हणून त्यांनी विचारलं.

“आली. कमी.”

“किती कमी?”

“मोजली नाही,” काकू म्हणाल्या. “उठा आता. चहा टाकते.”